वृषणाच्या कर्करोगाची आकडेवारी कशी वाचावी

वृषणाच्या कर्करोगाविषयी वाचू लागले की दोन विधाने हमखास समोर येतात: हा तरुणांचा कर्करोग आहे, आणि हा गोऱ्या लोकांचा कर्करोग आहे. दोन्ही विधानांना आकडेवारीचा आधार आहे. मात्र हे आकडे कोणत्या वयाचे, कोणत्या प्रदेशातले, कोणत्या वर्षांचे आणि कोणत्या संख्येने भागून काढलेले आहेत, हे न पाहता ती विधाने उचलली की त्यांचा अर्थ बिघडतो. पहिले विधान ऐकून साठीचा माणूस निश्चिंत होतो आणि दुसरे ऐकून सोलापूरचा पंचवीस वर्षांचा मुलगा निश्चिंत होतो. दोघांचीही निश्चिंती चुकीची असते. आरोग्यविषयक लेखन करणारे, वैद्यकीय व परिचर्या शाखांचे विद्यार्थी, आरोग्य कार्यकर्ते आणि अहवालातला तक्ता स्वतः वाचून पाहण्याची इच्छा असलेले सर्वसामान्य वाचक यांना हे आकडे नीट वाचता यावेत, यासाठी पुढील विवेचन आहे. त्यासाठी बेरीज, भागाकार आणि थोडा धीर पुरेसा आहे.

मोजले काय आहे, हे आधी पाहावे

कोणत्याही तक्त्यासमोर बसल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा की ‘वृषणाचा कर्करोग’ या शीर्षकाखाली नेमके कोणते रुग्ण धरले आहेत. जगभरातील नोंदणी केंद्रे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीनुसार हा कर्करोग सी ६२ या संकेतांकाखाली नोंदवतात. त्यातील सुमारे ९५ टक्के गाठी जननपेशींच्या, म्हणजे ज्या पेशींपासून पुढे शुक्राणू तयार होतात त्या पेशींच्या असतात. या जननपेशींच्या गाठींचे सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा असे दोन मोठे गट पडतात. हे गट लक्षात ठेवावेत, कारण वयाच्या आलेखात ते वेगवेगळ्या ठिकाणी उंची गाठतात.

संकेतांक अवयवानुसार ठरतो, याचा परिणाम समजण्यासाठी आपल्या सर्वांना माहीत असलेले एक उदाहरण घेता येईल. क्रिकेटपटू युवराजसिंग यांना २०११ च्या विश्वचषकानंतर जो आजार आढळला, तो सेमिनोमाच होता. मात्र त्याची गाठ दोन फुप्फुसांमधल्या पोकळीत होती. पेशींच्या जातीने हा आजार वृषणाच्या कर्करोगाचा सख्खा भाऊ ठरतो आणि त्याचे उपचारही बरेचसे सारखे असतात, तरीही सी ६२ च्या तक्त्यात असा रुग्ण धरला जात नाही. उलट बाजूने, वयस्कर पुरुषांच्या वृषणात आढळणारा लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, वृषणातच असूनही लिम्फोमाच्या खात्यात जातो. त्यामुळे एखाद्या रुग्णालयाच्या ‘वृषणातील गाठी’ या यादीची तुलना नोंदणी केंद्राच्या सी ६२ शी थेट करता येत नाही, आणि ‘जननपेशींचे सर्व कर्करोग’ अशा शीर्षकाचा तक्ता या दोहोंपेक्षा वेगळा असतो.

दर कसा काढला आहे, हे तपासावे

या विषयातील बहुतेक आकडे दर लाख पुरुषांमागे एका वर्षात आढळलेले नवे रुग्ण असे दिलेले असतात. छेदात फक्त पुरुष आहेत, हे प्रथम पाहून घ्यावे. कर्करोगांच्या एकत्रित तक्त्यात कधी संपूर्ण लोकसंख्या छेदात घेतलेली असते आणि मग हा दर आपोआप निम्म्यावर येतो.

त्यानंतर दराचे तीन प्रकार ओळखावेत. ढोबळ दर म्हणजे सर्व रुग्ण भागिले सर्व पुरुष. वयोगटनिहाय दर म्हणजे एका वयोगटातील रुग्ण भागिले त्याच वयोगटातील पुरुष. वयानुसार समायोजित दर म्हणजे प्रत्येक वयोगटाचा दर एका ठरावीक, काल्पनिक लोकसंख्येला लावून काढलेला एकच आकडा. हा तिसरा दर देशादेशांच्या तुलनेसाठी असतो. तो कोणत्याही गावातला प्रत्यक्ष दर नसतो.

एक कल्पित उदाहरण करून पाहू. समजा एका जिल्ह्यात १५ लाख पुरुष आहेत आणि वर्षभरात वृषणाच्या कर्करोगाचे १२ नवे रुग्ण नोंदले गेले. ढोबळ दर झाला लाखामागे ०.८. आता त्या १२ पैकी ९ जण २० ते ३९ या वयातले आहेत आणि जिल्ह्यात या वयाचे ५ लाख पुरुष आहेत असे धरू. या वयोगटाचा दर झाला लाखामागे १.८. उरलेले ३ रुग्ण उरलेल्या १० लाखांमध्ये, म्हणजे लाखामागे ०.३. एकाच जिल्ह्यात एका वयोगटाचा दर इतरांच्या सहापट निघाला आणि ०.८ या आकड्यात त्याचा मागमूसही नव्हता. म्हणून या कर्करोगाबाबत एकच सरासरी दर देणारा अहवाल अपुरा समजावा आणि वयोगटांचा तक्ता शोधावा.

याच उदाहरणाने आणखी एक गोष्ट दिसते. पुढच्या वर्षी त्या जिल्ह्यात १२ ऐवजी १७ रुग्ण आढळले, तर ‘वृषणाच्या कर्करोगात ४२ टक्के वाढ’ असा मथळा देता येईल आणि तो गणिताने बरोबरही असेल. पण वर्षाला सरासरी १२ रुग्ण असणाऱ्या ठिकाणी केवळ योगायोगाने कधी ६ तर कधी २० रुग्णही येऊ शकतात. विरळ आजारांत एका वर्षाच्या आकड्यावरून कल ठरवणे धोक्याचे असते. निदान पाच वर्षांची बेरीज घ्यावी आणि दराबरोबर विश्वासमर्यादा, म्हणजे खरा दर ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याची दाट शक्यता असते ती कक्षा, दिली आहे का ते पाहावे. ती दिलेली नसेल आणि रुग्णसंख्याही लपवलेली असेल, तर तो आकडा पुढे सांगू नये.

समायोजित दरासाठी वापरलेली प्रमाण लोकसंख्या कोणती, हेही वाचावे. आंतरराष्ट्रीय तुलनेत सहसा जपानी संशोधक मित्सुओ सेगी यांनी १९६० मध्ये मांडलेली आणि १९६६ मध्ये किंचित सुधारलेली जागतिक प्रमाण लोकसंख्या वापरतात. तिच्या एक लाखात २० ते ३९ वयाचे २८ हजार लोक धरलेले आहेत. अमेरिकेचे अहवाल बहुधा त्या देशाच्या २००० सालच्या लोकसंख्येवर आधारलेले असतात. प्रोस्टेटसारख्या म्हातारपणीच्या कर्करोगात या बदलाने आकडा प्रचंड हलतो. वृषणाच्या कर्करोगात तो तुलनेने थोडा हलतो, कारण दोन्ही लोकसंख्यांत तरुणांचा वाटा जवळपास सारखा आहे. तरीही दोन वेगळ्या प्रमाणांवरचे दर एका ओळीत मांडणे टाळावे.

वयाचा आलेख वाचताना

बहुतेक कर्करोगांचा आलेख वयाबरोबर चढत जातो. वृषणाच्या कर्करोगाचा आलेख तसा नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक लहानसा उंचवटा दिसतो, मग बालपणी तो जवळपास शून्यावर येतो, वयात आल्यावर झपाट्याने चढतो, विशी-तिशीत शिखर गाठतो आणि पंचेचाळिशीनंतर उतरतो. अमेरिकेत निदानाच्या वेळचे मध्यम वय सुमारे ३३ वर्षे आहे.

या आलेखाला एकसंध न मानता तीन आजारांचा एकत्र आलेख समजावे. पाच वर्षांखालील मुलांत आढळणाऱ्या गाठी प्रामुख्याने योक सॅक ट्यूमर आणि टेराटोमा या प्रकारच्या असतात आणि त्यांची उत्पत्ती तरुणांच्या गाठींहून वेगळी असते. तरुणांमध्ये नॉन-सेमिनोमाचे शिखर साधारण विशीच्या उत्तरार्धात, तर सेमिनोमाचे तिशीच्या मध्यावर किंवा उत्तरार्धात येते. साठीनंतर वृषणात आढळणारी सर्वांत सामान्य दुष्ट गाठ लिम्फोमाची असते, जरी वर पाहिल्याप्रमाणे ती सी ६२ मध्ये मोजली जात नाही. स्पर्मॅटोसायटिक ट्यूमर नावाचा एक विरळ प्रकारही मुख्यतः उतारवयात दिसतो. म्हणून ‘हा तरुणांचा आजार’ हे वाक्य जननपेशींच्या मधल्या गटापुरतेच खरे आहे. साठीच्या माणसाच्या वृषणातली कठीण गाठ या वाक्याने निरुपद्रवी ठरत नाही.

इथे टक्केवारीचा एक सापळा आहे. जिथे प्रौढांमधला दर कमी आणि लोकसंख्येत मुले अधिक, तिथे एकूण रुग्णांत लहान मुलांचा वाटा मोठा दिसतो. त्यावरून त्या देशात बालकांना हा कर्करोग जास्त होतो असे म्हणता येत नाही. वाटा आणि दर या दोन गोष्टी निराळ्या आहेत. ‘तरुण पुरुषांतला सर्वांत सामान्य कर्करोग’ हे युरोप-अमेरिकेविषयीचे वाक्यही असेच तपासावे: तिथे तरुणपणी इतर कर्करोग कमी होतात, म्हणूनही हा कर्करोग यादीत वर येतो.

तरुणपणीच शिखर का, याचे उत्तर आलेख वाचण्यास मदत करते. कोपनहेगनचे वैद्य नील्स स्कॅकेबेक यांनी १९७२ मध्ये असे दाखवले की वंध्यत्वासाठी तपासलेल्या पुरुषांच्या वृषणात काही विकृत जननपेशी आधीपासून असतात आणि पुढे त्यांतून कर्करोग वाढतो. या पेशी गर्भावस्थेतल्या जननपेशींसारख्या दिसतात. आज सर्वसाधारण समज अशी आहे की बिघाडाची सुरुवात गर्भातच होते, तो वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि वयात येताना होणाऱ्या संप्रेरकांच्या बदलानंतर वाढीला लागतो. ज्यांच्यात बीज होते त्यांच्यात ते विशी-तिशीत प्रकट होऊन जाते, म्हणून पुढे आलेख उतरतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की ३० वर्षांच्या रुग्णाच्या आजाराचे कारण त्याच्या तिसाव्या वर्षात शोधण्यापेक्षा त्याच्या जन्माच्या आसपास शोधावे लागते. हा मुद्दा पटला की पुढचे सगळे तक्ते निराळे दिसू लागतात.

देशांची तुलना

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार जगभरात या कर्करोगाचे सुमारे ७२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९ हजार मृत्यू झाले. जगाचा समायोजित दर लाखामागे दोनच्या आत आहे. नॉर्वे आणि डेन्मार्क यांसारख्या देशांत तो दहाच्या आसपास जातो, तर भारतासह आशियाच्या मोठ्या भागात आणि आफ्रिकेच्या बहुतेक भागांत तो एकपेक्षाही कमी आहे. इतकी तफावत फार थोड्या कर्करोगांत आढळते.

ही तफावत पाहून ‘वंश’ असे उत्तर देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. तसे करण्यापूर्वी शेजारी देशांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. डेन्मार्क आणि फिनलंड हे दोन्ही उत्तर युरोपातले सधन देश आहेत, दोन्हीकडे नोंदणी उत्तम आहे, तरीही विसाव्या शतकात बराच काळ डेन्मार्कचा दर फिनलंडच्या कितीतरी पट होता. अलीकडे फिनलंडचा दर चढत आहे आणि डेन्मार्कचा स्थिरावला आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संयुक्त अभ्यासात असेही दिसले की जन्मतः वृषण खाली न उतरलेल्या मुलांचे प्रमाण डेन्मार्कमध्ये ९ टक्के, तर फिनलंडमध्ये २.४ टक्के होते. दोन देशांतल्या कर्करोगाच्या दरातला फरक नवजात मुलांच्या तपासणीतच डोकावत होता. न उतरलेले वृषण, शुक्राणूंची कमतरता आणि वृषणाचा कर्करोग यांचे मूळ गर्भातील एकाच बिघाडात असावे, अशी मांडणी स्कॅकेबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केली होती.

यापुढची पायरी स्थलांतरितांची आकडेवारी वाचण्याची. प्रौढ वयात फिनलंडहून स्वीडनला गेलेल्या पुरुषांमध्ये दर फिनलंडसारखा कमीच राहिला; त्यांच्या स्वीडनमध्ये जन्मलेल्या मुलांमध्ये मात्र तो स्वीडनच्या दराजवळ गेला. डेन्मार्कमध्ये बाहेरून आलेल्यांबाबतही असेच आढळले: पहिल्या पिढीत दर कमी, तिथेच जन्मलेल्या दुसऱ्या पिढीत स्थानिकांच्या जवळ. एका पिढीत जनुके बदलत नाहीत. जन्माच्या आसपासचे वातावरण बदलते. म्हणून स्थलांतरितांविषयीचा कोणताही आकडा वाचताना ‘व्यक्ती कुठे राहते’ यापेक्षा ‘कुठे जन्मली’ हा रकाना शोधावा. तो नसेल तर त्या आकड्यावरून फारसे काही ठरत नाही.

आता विरुद्ध बाजूचा पुरावा. अमेरिकेत गोऱ्या पुरुषांमधला दर कृष्णवर्णीय पुरुषांमधल्या दराच्या सुमारे चार ते पाच पट आहे आणि कृष्णवर्णीय समाज तिथे अनेक पिढ्या राहूनही हा फरक टिकून आहे. वातावरणच सर्व काही असते, तर असे व्हायला नको होते. जनुकीय अभ्यासांत या कर्करोगाशी संबंधित अनेक ठिकाणे सापडली आहेत. त्यांतील केआयटीएलजी या जनुकाजवळचे धोका वाढवणारे रूप युरोपीय वंशाच्या लोकांत फार सामान्य आहे आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत बरेच कमी आढळते. फिनलंडहून स्वीडनला गेलेल्यांची मुले आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवणे अवघड वाटते, पण प्रामाणिक वाचकाने त्या दोन्ही ठेवायला हव्यात. माझ्या मते जनुके दाराची रुंदी ठरवतात आणि जन्मकाळचे वातावरण त्या दारातून किती जण जातील ते ठरवते, असे समजून चालणे सध्याच्या पुराव्याशी सर्वाधिक जुळते.

‘गोऱ्यांचा आजार’ या समजाला छेद देणारे लोकसमूहही आहेत. न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरी पुरुषांमधला दर युरोपीय वंशाच्या पुरुषांपेक्षा जास्त आहे. दक्षिण अमेरिकेत चिली आणि अर्जेंटिना येथे दर उंच आहे. अमेरिकेत अलीकडच्या दशकांत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मूळ असलेल्या, समाजातल्या तरुणांमध्ये दर ठळकपणे वाढला आहे. इंग्लंडमध्ये आशियाई वंशाच्या पुरुषांमधला दर गोऱ्या पुरुषांपेक्षा कमी नोंदला गेला आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हा आकडा वाचताना वरचा जन्मस्थळाचा मुद्दा विसरू नये, कारण त्यांची तिथेच जन्मलेली मुले त्यांच्याइतक्याच कमी जोखमीची आहेत असे या एकत्रित आकड्यावरून सिद्ध होत नाही.

काळाचा तक्ता तिरपा वाचावा

गेल्या अर्धशतकात युरोपीय वंशाच्या बहुतेक लोकसमूहांत हा दर साधारण दुप्पट झाला. अशी वाढ पाहिली की प्रथम शंका येते ती निदान सुधारल्याची. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगाबाबत ही शंका रास्त आहे, कारण तिथे सरसकट चाचण्या होतात. वृषणाच्या कर्करोगासाठी अशी सामूहिक चाचणी कुठेच रूढ नाही आणि वाढणारी गाठ फार काळ लपून राहत नाही. त्यामुळे ही वाढ बव्हंशी खरी मानावी लागते.

ती समजून घेण्यासाठी एक तक्ता स्वतः काढून पाहावा. उभ्या बाजूला वयोगट लिहावेत, आडव्या बाजूला वर्षे लिहावीत आणि प्रत्येक चौकटीत दर भरावा. आडवी ओळ एका वयाचा काळानुसार बदल दाखवते, उभा स्तंभ एका वर्षातले सर्व वयोगट दाखवतो आणि तिरपी रेघ एकाच काळात जन्मलेल्यांची वाटचाल दाखवते. १९४३ मध्ये जन्मलेला पुरुष १९६५ च्या स्तंभात २२ वर्षांचा, १९७५ च्या स्तंभात ३२ वर्षांचा आणि १९८५ च्या स्तंभात ४२ वर्षांचा असतो. डेन्मार्कमध्ये १९४३ पासूनची राष्ट्रीय नोंद असल्याने असा तक्ता मांडता येतो. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जन्मलेल्या पुरुषांच्या तिरप्या रेघेवर दर खाली आलेला दिसतो, तर त्यांच्या आधीच्या व नंतरच्या पिढ्यांत चढ कायम राहतो. नॉर्वे आणि स्वीडनच्या नोंदींतही युद्धकाळातल्या पिढीचा हा उतार आढळला. त्या पिढीचे रुग्ण युद्ध संपून वीस-तीस वर्षे उलटल्यावर दिसू लागले, आणि तरीही युद्धाची खूण त्यांच्या दरावर होती. कारण नेमके कोणते, आईच्या आहारातला बदल की आणखी काही, यावर संशोधकांचे एकमत नाही. पण कारणाचा काळ कोणता हे तिरपी रेघ स्पष्ट सांगते. केवळ आडव्या ओळी वाचणाऱ्याला हे कधीच दिसले नसते.

भारताचे आकडे

भारतात लोकसंख्येवर आधारित पहिले कर्करोग नोंदणी केंद्र १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत सुरू केले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८१ च्या अखेरीस उभा राहिला आणि १९८७ मध्ये बार्शी येथे ग्रामीण भागाची नोंदणी सुरू झाली. असे काम देशाच्या खेड्यांत तेव्हा नवेच होते. या नोंदींत वृषणाच्या कर्करोगाचा दर सातत्याने एकपेक्षा कमी आढळतो.

हे वाचल्यावर ‘आपल्याकडे लाजेमुळे नोंदच होत नसेल’ ही शंका स्वाभाविक आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. लाज आहे, उशीर आहे, आणि डॉक्टरपर्यंत न पोहोचणारे रुग्णही आहेत. तरीही हिशेब मांडून पाहावा: खरा दर नॉर्वेइतका असून आपल्याला एकच्या आत दिसत असेल, तर दहापैकी नऊहून अधिक रुग्ण नोंदीतून सुटत असले पाहिजेत. उपचाराविना हा आजार पंचविशी-तिशीतल्या माणसाचा जीव घेतो; इतके तरुण मृत्यू मुंबईसारख्या शहरात, जिथे नोंदणी कर्मचारी रुग्णालये आणि मृत्युनोंदी दोन्ही तपासतात, नजरेतून सुटणे संभवत नाही. म्हणून आपला दर काहीसा कमी मोजला जात असेल, पण तो मुळातही कमीच आहे, असे मानणे योग्य ठरते.

रुग्णालयाची आकडेवारी मात्र दरासारखी वापरू नये. मुंबईच्या टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात; तिथल्या रुग्णसंख्येला मुंबईच्या लोकसंख्येने भागणे निरर्थक आहे. लोकसंख्येवर आधारित नोंदणीत केवळ त्या भागातले रहिवासी मोजले जातात, बाहेरून उपचारासाठी आलेले नाहीत. अहवालाच्या पहिल्या काही पानांत हा नियम लिहिलेला असतो आणि ती पाने न वाचता थेट तक्त्यांकडे जाण्याची सवय सोडावी.

पटीचे आकडे आणि प्रत्यक्ष जोखीम

‘चौपट धोका’ असे वाचले की मूळ धोका किती होता ते विचारावे. वार्षिक दर लाखामागे ०.६ आहे असे धरल्यास ७४ वर्षांत लाखामागे साधारण ४४ जणांना, म्हणजे सुमारे सव्वादोन हजारांत एकाला हा आजार होईल. वार्षिक दर १० असेल तर हेच प्रमाण सुमारे १३५ जणांत एक इतके येते. अमेरिकेत ते साधारण २५० जणांत एक असे सांगतात. आता लहानपणी वृषण न उतरलेल्या मुलाची जोखीम चौपट धरली, तर पहिल्या हिशेबात ती सुमारे ५७० जणांत एक होते. आईवडिलांनी घाबरून जाण्याइतकी ती मोठी नाही, आणि दुर्लक्ष करण्याइतकी लहानही नाही. स्वीडनमधल्या २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात १३ व्या वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांची जोखीम सर्वसाधारण पुरुषांच्या दुपटीहून थोडी अधिक, तर त्यानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांची पाचपटीहून अधिक आढळली. ही शस्त्रक्रिया आता साधारण पहिल्या दीड वर्षातच करावी असा सल्ला दिला जातो. सख्ख्या भावाला हा आजार झालेल्यांची जोखीम आठ ते दहा पट सांगितली जाते. हे सर्व आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून निघाले आहेत. आपल्याकडे त्यांचा वापर दिशा म्हणून करावा, अचूक माप म्हणून नाही.

नवे रुग्ण आणि मृत्यू हे वेगवेगळे वाचावेत

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शरीरात पसरलेल्या वृषणाच्या कर्करोगातून फार तर दहांत एखादा वाचत असे. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन हे औषध इतर औषधांच्या जोडीने वापरायला सुरुवात केली आणि हे चित्र उलटले. पसरलेल्या आजारातूनही बहुसंख्य रुग्ण बरे होऊ लागले. युवराजसिंग यांनी उपचार घेतले ते याच आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली, इंडियानापोलिसमध्ये. तेव्हापासून पाश्चात्त्य देशांत नव्या रुग्णांचा आलेख चढता आणि मृत्यूंचा आलेख उतरता असा विरोधी प्रवास दिसतो. म्हणून मृत्युदरावरून आजाराचे प्रमाण ताडणे या कर्करोगात सर्वस्वी चुकीचे ठरते.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले की दुसराच प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या वाचनातला तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. जगाच्या आकड्यांत साधारण आठ नव्या रुग्णांमागे एक मृत्यू आहे. अमेरिकेत २०२४ साठी ९,७६० नवे रुग्ण आणि ५०० मृत्यू असा अंदाज होता, म्हणजे जवळपास वीस रुग्णांमागे एक. हे गुणोत्तर म्हणजे जगण्याचे अचूक प्रमाण नव्हे, कारण यंदाचे मृत्यू बहुधा मागच्या वर्षांतल्या रुग्णांचे असतात. परंतु दोन्हींतले अंतर बव्हंशी उशिरामुळे आणि उपचार अर्धवट राहिल्यामुळे पडत असावे. सिस्प्लॅटिन महागडे औषध नाही आणि ते भारतात मिळते. जिथे दर कमी आहे तिथे आजार कोणाच्या ध्यानीमनी नसतो, आणि जिथे तो ध्यानीमनी नसतो तिथे रुग्ण उशिरा येतो. कमी दराची ही किंमत तक्त्यात कुठेच लिहिलेली नसते.

आपल्याकडे या उशिराला आणखी एक स्थानिक कारण आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा यांसारख्या हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत अंडवृद्धी, म्हणजे हायड्रोसील, लोकांच्या परिचयाची आहे. वृषणाच्या कर्करोगाची गाठही बहुधा न दुखणारीच असते आणि तिच्याभोवती कधी पाणीही जमते. त्यामुळे एखाद्या तरुणाच्या वाढत्या सुजेला घरचे आणि गावचे लोक अंडवृद्धी समजून महिनोन् महिने थांबतात. अशा भागात काम करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांनी दर कमी असल्याचे वाचून हा आजार मनातून काढून टाकू नये. लोकसंख्येतला दर निरोगी माणसाची जोखीम सांगतो. ज्याच्या वृषणात कठीण गाठ हाताला लागली आहे, त्याला तो दर लागू होत नाही, मग तो ओस्लोचा असो की अहेरीचा.

अशा वेळी वृषणकोशाची सोनोग्राफी करावी. ती वेदनारहित आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकते. कर्करोगाची शंका असल्यास रक्तातील एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या खुणा (अशा गाठींमुळे रक्तात वाढू शकणारे पदार्थ) शस्त्रक्रियेपूर्वी तपासून घ्याव्यात. वृषणकोशातून सुई घालून तुकडा काढू नये आणि तिथे छेदही देऊ नये, कारण त्याने पेशी नव्या मार्गाने पसरण्याचा धोका असतो. वृषण जांघेतून छेद देऊन काढले जाते. केमोथेरपी सुरू होण्याआधी शुक्राणू साठवून ठेवण्याचा पर्याय रुग्णाला, विशेषतः अविवाहित मुलाला, स्पष्ट शब्दांत सांगावा, कारण तो स्वतः हा विषय काढण्याची शक्यता कमी असते. बरे झालेल्या सुमारे दोन टक्के रुग्णांत पुढील पंधरा वर्षांत दुसऱ्या वृषणात नवी गाठ आढळते, म्हणून त्यांनी दरमहा स्वतः चाचपून पाहावे आणि ठरलेल्या तपासण्या चुकवू नयेत.